आधी श्वास, मग छायाचित्र

येळ्ळूरच्या राजहंसगडावर उभे राहिले म्हणजे पायथ्याशी भाताची खाचरे, एका अंगाला बेळगावची वाढती वस्ती आणि पश्चिमेला सह्याद्रीच्या निळसर रांगा दिसतात. समुद्र मात्र दिसत नाही. तो त्या रांगांच्या पलीकडे, घाट उतरून तीन-चार तासांच्या वाटेवर आहे. असे असूनही येळ्ळूर, शहापूर, वडगाव, खानापूर, निपाणी या टापूतील मराठी घरांना मालवणचा किनारा कधी परका वाटला नाही. दिवाळीची सुटी लागली किंवा मे महिना उजाडला की आंबोलीचा घाट उतरून मालवण गाठावयाचे, सिंधुदुर्ग किल्ल्यात शिवराजेश्वराचे दर्शन घ्यावयाचे आणि परतताना सुकी मासळी, कोकम व काजू घेऊन यावयाचे, हा अनेक कुटुंबांचा परिपाठ आहे. अलीकडच्या काही वर्षांत या परिपाठात एका नव्या गोष्टीची भर पडली आहे. किल्ल्याभोवतीच्या समुद्रात पाठीवर हवेचे नळकांडे बांधून बुडी मारावयाची आणि पाण्याखालचे आपले छायाचित्र घेऊन घरी यावयाचे! गोव्याच्या ग्रँड आयलंडपाशी आणि उत्तर कन्नड जिल्ह्यात मुरुडेश्वरसमोरच्या नेत्राणी बेटापाशीही हाच प्रकार चालतो.

या हौसेला नाके मुरडण्याचे कारण आम्हाला दिसत नाही. ज्या समुद्राच्या काठी आपल्या पिढ्या गेल्या, त्याचा तळ आपल्यापैकी फारच थोड्यांनी पाहिला होता. जाळ्यात येणारी मासळी आणि ओहोटीला उघडे पडणारे खडक एवढाच आपला त्याच्याशी परिचय. घाटमाथ्यावरच्या एखाद्या शेतकऱ्याच्या मुलाने पाच-सात मीटर खाली जाऊन प्रवाळ पाहिले, तर त्यात त्याचे ज्ञान वाढते आणि समुद्राला एक नवा मित्र मिळतो. शिवाय ज्या गाबीत तरुणांच्या वाडवडिलांनी रापण ओढली, त्यांना या व्यवसायाने चार पैसे मिळवून दिले आहेत, हेही नाकारून चालणार नाही.

परंतु सुटीवरून परतलेल्या मंडळींनी हौसेने दाखविलेली छायाचित्रे पाहिली की मन साशंक होते. एका चित्रात आमचा तरुण प्रवाळाच्या गाठीला दोन्ही हातांनी धरून बसलेला असतो. दुसऱ्यात त्याच्या हातातील पावाच्या तुकड्याभोवती माशांची झुंबड उडालेली असते. तिसऱ्यात तो अंगठा वर करून 'झकास' अशी खूण करतो. बिचाऱ्याला ठाऊक नसते की, पाणबुड्यांच्या खुणांच्या भाषेत वर केलेल्या अंगठ्याचा अर्थ 'झकास' नव्हे, तर 'मला वर जावयाचे आहे' असा आहे! 'सर्व ठीक' हे सांगण्यासाठी अंगठा आणि तर्जनी जुळवून कडी करावी लागते. ज्याला ही एक खूणही धड सांगितलेली नाही, त्याच्या हाती कॅमेरा देण्याची घाई का व्हावी? आणि एवढा खटाटोप करून हाती येते काय, तर निळ्या-हिरव्या धुक्यातील एक काळपट आकृती.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. पाण्याखाली चांगले छायाचित्र मिळविण्याची जी रीत आहे, तीच जीव सुखरूप राखण्याची रीत आहे आणि समुद्राला अपाय न करण्याचीही तीच आहे. स्थिर राहणे, घाई न करणे, जवळ जाणे पण हात न लावणे आणि श्वास अखंड चालू ठेवणे, या चार गोष्टी ज्याला साधल्या त्याला तिन्ही साधले. ज्याला त्या साधल्या नाहीत, त्याने कितीही भारी कॅमेरा विकत घेतला तरी 'पी हळद अन् हो गोरी' यापलीकडे त्याची मजल जाणार नाही.

पाण्याखालचे छायाचित्रण मुळात उतावळ्यांचे काम नव्हते, हे त्याचा इतिहासच सांगतो. लुई बुताँ या फ्रेंच जीवशास्त्रज्ञाने १८९३ साली भूमध्य समुद्राच्या काठी बान्यूल येथे जलरोधक पेटीत कॅमेरा घालून तो पाण्याखाली नेला. त्या काळच्या मंद काचांवर प्रतिमा उमटेपर्यंत त्याला तळाशी दीर्घकाळ थांबावे लागे. १९२६ साली फ्लोरिडाच्या दक्षिणेस लाँगली आणि मार्टिन या दोघांनी समुद्रातील माशांची पहिली रंगीत छायाचित्रे घेतली. त्यांना पुरेसा उजेड पाडण्यासाठी पाण्यावर तराफा तरंगत ठेवून त्यावर मॅग्नेशियमची पूड पेटवावी लागली होती. पुढे १९४३ साली कुस्तो आणि गान्याँ यांनी श्वासागणिक आपोआप हवा पुरविणारे साधन तयार केले, तेव्हा कोठे माणूस पाण्याखाली मोकळेपणाने फिरू लागला. आपल्या देशातही १९८०च्या दशकात डॉ. एस. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पथकाने द्वारकेच्या समुद्रात शोध घेतला. अशा कामात छायाचित्र हा करमणुकीचा विषय नसून पुरावा असतो. तळावरच्या दगडाशेजारी मोजपट्टी ठेवून, गाळ न ढवळता, त्याचे चित्र घ्यावे लागते. सुटीवरच्या पर्यटकाने असे पुरातत्त्वज्ञ व्हावे, असे आम्ही म्हणत नाही. त्यांच्या सबुरीचा शतांश जरी त्याने उचलला, तरी पुष्कळ झाले.

प्रथम पाणी आणि प्रकाश यांचे नाते समजून घेतले पाहिजे. हवेत जसा प्रकाश, तसा तो पाण्यात नसतो. सूर्यप्रकाशातील रंग पाणी एकामागून एक शोषून घेते, आणि त्यात पहिला बळी लाल रंगाचा. साधारण पाच मीटर खोलीवर लाल रंग बहुतांशी नाहीसा होतो, त्याखाली नारिंगी आणि नंतर पिवळा. शेवटी उरतो तो निळा-हिरवा. कपाळावरचा कुंकवाचा टिळा तेथे काळपट दिसतो, याचे कारण हेच. तेव्हा नवशिक्याने खोल जाण्याची हाव मुळीच धरू नये. तीन ते पाच मीटर पाण्यात, सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान, सूर्य डोक्यावर असताना जे रंग मिळतात, ते दहा मीटर खोलीवर कोणत्याही भिंगाने मिळणार नाहीत. जेथे जिवाला धोका कमी, तेथेच चित्र चांगले, हा निसर्गाचाच न्याय आहे.

दुसरे असे की, प्रकाशाचा पाण्यातील प्रवास दुहेरी मोजावा लागतो. तो पृष्ठभागापासून माशापर्यंत येतो आणि माशापासून पुन्हा भिंगापर्यंत जातो. म्हणून तीन मीटर खोल पाण्यात तीन मीटर लांबचा मासा टिपला, तर रंगांच्या हिशेबाने तो सहा मीटर खोलीवरचाच झाला. शिवाय पाण्यात गाळाचे आणि सूक्ष्म जीवांचे असंख्य कण तरंगत असतात. भिंग आणि मासा यांच्यामध्ये जितके पाणी अधिक, तितके धुके अधिक. 'दुरून डोंगर साजरे' ही म्हण जमिनीवर खरी असेल, पाण्याखाली मात्र जे दूर ते गढूळ. एक हात अंतरावर येईल तेच टिपावे आणि बाकीचे डोळे भरून पाहावे. डोळ्यांवरही पूर्ण विश्वास ठेवू नये. पाण्यातून चष्म्याच्या काचेत शिरताना प्रकाश वाकतो आणि वस्तू आहे त्यापेक्षा सुमारे एक चतुर्थांश जवळ व एक तृतीयांश मोठी भासते. 'हाताशी आलाच' असे वाटणारा मासा प्रत्यक्षात दूर असतो.

मालवणच्या पाण्याची प्रकृतीही ध्यानात घ्यावयास हवी. अंदमान किंवा लक्षद्वीप येथील काचेसारखे पाणी येथे नाही. कर्ली आणि गड या नद्या याच परिसरात समुद्राला मिळतात, त्यांचा गाळ आणि भरती-ओहोटीची ओढ यांमुळे पाणी आज नितळ तर उद्या ताकासारखे असते. पावसाळ्यानंतर पाणी निवळू लागते आणि थंडीच्या महिन्यांत पुष्कळदा त्यातल्या त्यात स्वच्छ असते. निघण्यापूर्वी स्थानिक पाणबुड्याला पाण्याची स्थिती विचारावी, आणि तो 'आज नको' म्हणाला तर त्याच्याशी हुज्जत घालू नये. गढूळ पाण्यात कॅमेऱ्यावरचाच दिवा चमकवला, तर तरंगते कण उजळून चित्रभर पांढरे ठिपके उमटतात. अशा वेळी तो दिवा बंद ठेवावा. वेगळा दिवा असेल तर तो भिंगाच्या लगत न धरता हातभर बाजूला, तिरका धरावा. दिवा नसेल तर कॅमेऱ्यातील पाण्याखालच्या चित्रणाची सोय निवडावी, अथवा पांढऱ्या पाटीवर भिंग धरून रंगांचा मेळ आधी घालून घ्यावा. खोली बदलली की हा मेळ पुन्हा घालावा लागतो.

चित्राची मांडणी म्हणाल, तर एकच सूत्र पुरे. वरून खाली पाहून चित्र घेऊ नये. वरून टिपलेला मासा खडकाच्या रंगात मिसळून जातो. तोच त्याच्या पातळीवर येऊन किंवा किंचित खालून टिपला, तर मागे निळे पाणी येते आणि आकृती उठून दिसते. माशाच्या डोळ्यावर नेम धरावा, कारण डोळा स्पष्ट आला की चित्रात जीव येतो. आणि माशाच्या मागे धावू नये. पाठलाग करणाऱ्याला माशाची शेपटीच मिळते. जो एका जागी शांत राहतो, त्याच्या समोर मासा कुतूहलाने आपणहून येतो. आमच्या गळ टाकणाऱ्या म्हाताऱ्यांना हे कोणी शिकविलेले नसते, तरी ते त्यांना ठाऊक असते.

आता साधनांविषयी. मोबाइल फोन पाण्यात भिजला तरी चालतो, अशी जाहिरात पाहून पुष्कळ जण तो तसाच घेऊन उतरतात. पुष्कळ फोनांची ही ग्वाही दीड मीटर खोलीच्या गोड्या आणि स्थिर पाण्यात अर्धा तास एवढ्यापुरतीच असते. लाटांच्या, खाऱ्या, पाच-सात मीटर खोल समुद्राची ती नव्हे. बाजारातील स्वस्त प्लॅस्टिकच्या पिशव्या पाण्याच्या दाबाने फोनला चिकटतात आणि पडद्यावर बोट चालेनासे होते. कणखर जलरोधक पेटी असेल तर तिच्या झाकणाची रबरी कडी, म्हणजे साध्या भाषेत वायसर, हाच सगळ्याचा प्राण. त्यावर एक केस किंवा वाळूचा एक कण राहिला, तरी पाणी आत शिरते. ती कडी आदल्या रात्री सावकाश पुसावी, तिला बारीकसे वंगण लावावे, आणि प्रथम रिकामी पेटी, आत कागदाचा टीप ठेवून, बादलीत बुडवून पाहावी. कागद कोरडा राहिला तरच कॅमेरा आत घालावा. होडीवर बसून, ओल्या हातांनी पेटी उघडू नये. परतल्यावर ती बंद स्थितीतच गोड्या पाण्यात काही वेळ ठेवावी, म्हणजे मीठ सुकून कडीला चरे पडत नाहीत. आणि कॅमेरा हातात घट्ट धरून ठेवण्यापेक्षा दोरीने जाकिटाला अडकवावा, म्हणजे प्रसंगी दोन्ही हात मोकळे राहतात.

पण हे सारे दुय्यम आहे. ज्याने कधी बुडी मारलेली नाही, त्याने पहिल्या बुडीला कॅमेरा नेऊच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. 'आधी शिदोरी, मग जेजुरी' हा व्यवहार येथेही आहे. समुद्रसपाटीवर हवेचा जेवढा दाब असतो, त्याच्या दुप्पट दाब दहा मीटर पाण्याखाली असतो. तेथे फुफ्फुसात भरून घेतलेली हवा श्वास रोखून वर आणली तर ती दुप्पट फुगू पाहते आणि फुफ्फुसाला इजा होते. ही इजा थोड्या मीटरांच्या खोलीवरही होऊ शकते. म्हणून पाण्याखाली पहिला नियम एकच, श्वास कधीही रोखावयाचा नाही. नेमका येथेच कॅमेरा घात करतो. जमिनीवर बटन दाबताना हात हलू नये म्हणून श्वास रोखण्याची आपल्याला सवय असते, आणि तीच सवय पाण्यात प्राणावर बेतू शकते. उतरताना कान दुखू लागले तर थांबावे, नाक चिमटीत धरून हलकेच हवा कानाकडे ढकलावी. दुखणे थांबले नाही तर वर यावे. सर्दी झालेल्याने, दम्याच्या किंवा हृदयविकाराच्या रुग्णाने वैद्याला विचारल्याशिवाय उतरू नये. डोळे कॅमेऱ्याच्या चौकटीला चिकटले की सोबतचा पाणबुड्या काय खूण करतो आहे, नळकांड्यात हवा किती उरली आहे, आपण किती खाली सरकलो आहोत, यांपैकी काही दिसत नाही. नवखा माणूस एका वेळी एकच गोष्ट शिकू शकतो. त्याने आधी श्वास शिकावा, कॅमेरा मागाहून.

सीमाभागातील वाचकांसाठी आणखी एक गोष्ट सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो, कारण किनाऱ्यावर राहणाऱ्याला तिची आठवण क्वचितच होते. पाण्याखाली दाबाने हवेतील नायट्रोजन रक्तात आणि स्नायूंत मुरतो, आणि बुडीनंतर तो हळूहळू बाहेर पडतो. तो पुरता निघून जाण्यापूर्वी माणूस उंचीवर गेला, तर हवेचा दाब कमी झाल्याने त्याचे बुडबुडे होऊन सांधेदुखी, मुंग्या येणे, चक्कर, क्वचित लकव्यासारखी लक्षणे उद्भवू शकतात. म्हणून एका साध्या बुडीनंतर किमान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर किमान १८ तास विमानप्रवास करू नये, असा पाणबुड्यांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या 'डायव्हर्स अलर्ट नेटवर्क' या संस्थेचा सल्ला आहे. हा सल्ला दोन हजार फुटांपासून पुढच्या उंचीसाठी आहे. आंबोली दोन हजार फुटांहून उंच आणि बेळगाव-येळ्ळूर सुमारे अडीच हजार फुटांवर! विमानात बसलो नाही तरी घाट चढून आपण त्याच उंचीवर येतो. मालवणातील बहुतेक हौशी बुड्या उथळ आणि थोड्या वेळाच्या असतात, त्यामुळे धोका थोडा हे खरे. तथापि थोडा धोका टाळण्याचा उपायही तितकाच स्वस्त आहे. बुडी सहलीच्या पहिल्या दिवशी मारावी, रात्री मालवणात मुक्काम करावा, किल्ला दुसऱ्या दिवशी पाहावा आणि मग घाट चढावा. शेवटच्या दिवशी सकाळी बुडी आणि दुपारी घाट, हा क्रम सोडून द्यावा.

राहिला प्रश्न समुद्राचा. मालवणचा हा किनारा १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे पाणी त्याच्या गाभ्यात मोडते. अभयारण्याच्या प्रश्नावर मच्छीमार बांधवांच्या मनात तेव्हापासून शंका आहेत आणि त्यांना पोटापाण्याचा आधार आहे. जो आपल्या जाळ्यावर बंधने सोसावयास तयार व्हावा अशी आपली अपेक्षा, त्याच्यासमोर पर्यटकाने चित्रासाठी प्रवाळावर उभे राहावे, यापरता अन्याय कोणता? गोलाकार दगडासारखा दिसणारा प्रवाळ हा दगड नसून हजारो जीवांची वसाहत आहे. त्याच्या अनेक जाती वर्षाला काही मिलिमीटर, फार तर एक-दोन सेंटिमीटर वाढतात. गुडघ्याएवढी गाठ पुष्कळदा तिच्यावर पाय देणाऱ्या तरुणापेक्षा वयाने मोठी असते! वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळाला २००१ पासून स्थान आहे, म्हणजे त्याला इजा करणे हा वाघाला इजा करण्याच्या तोडीचा गुन्हा ठरतो. त्यात समुद्राचे पाणी तापून प्रवाळ पांढरे पडण्याची आपत्ती जगभर ओढवली आहे. २०२४ साली लक्षद्वीपच्या प्रवाळांना तिचा मोठा तडाखा बसला. जो आधीच आजारी आहे, त्याला आपण निदान धक्का तरी मारू नये.

पाव-बिस्किटांचेही तेच. काही ठिकाणी मासे चित्रात यावेत म्हणून त्यांना खाणे टाकले जाते. जे मासे खडकावरचे शेवाळ खाऊन प्रवाळाला मोकळे ठेवतात, त्यांना पावाची चटक लावणे म्हणजे राखणदारालाच लाच देणे होय. नारळी पौर्णिमेला आपण सागराला नारळ अर्पण करतो तो कृतज्ञतेने. माशांना चित्रापुरता टाकलेला पाव हा त्या परंपरेत बसत नाही. आणि येथे पुन्हा आमचे मूळ सूत्र खरे ठरते. प्रवाळाला धरणाऱ्याच्या पायांनी गाळ उडतो आणि त्याचेच चित्र गढूळ होते. पावासाठी झुंबड केलेले मासे सैरावैरा पळत असल्याने त्यांचे चित्र अस्पष्ट येते. जो हात आखडून, पाय वर ठेवून, अलगद तरंगतो, त्याचेच पाणी स्वच्छ राहते. अशा माणसाने दरवर्षी त्याच खडकाचे चित्र काढून तारखेसह जपून ठेवले, तर उद्या ते अभ्यासकांना उपयोगी पडेल. हौसेतून ज्ञान निपजते ते असे.

केवळ पर्यटकाला उपदेश करून मात्र हा प्रश्न सुटणार नाही. २०२२च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ बुडीहून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला. त्या दुर्घटनेचा छायाचित्रांशी संबंध जोडण्याचा आमचा हेतू नाही. किनारा दिसू लागला म्हणजे आपण सुरक्षित झालो, हा समज किती फसवा आहे, एवढेच ती सांगते. होडीत सर्वांनी एका बाजूला येऊन चित्रे काढण्याचा मोह टाळावा आणि जीवरक्षक जाकीट चित्रात वाईट दिसते म्हणून काढून ठेवू नये, हे तिने शिकविले तरी पुरे. नौदलातून २०२४ साली निवृत्त झालेले 'गुलदार' हे जहाज निवतीजवळ पाण्याखालील संग्रहालय म्हणून उपयोगात आणण्याचा प्रकल्प महाराष्ट्र शासनाने हाती घेतला आहे. त्यामुळे कॅमेरे घेऊन येणाऱ्यांची गर्दी वाढेल, हे सांगावयास ज्योतिषी नको. गर्दीच्या आधी शिस्त आली पाहिजे, गर्दीच्या मागून येणारी शिस्त अपघातानंतरच येते.

आमच्या मागण्या मोजक्या आहेत. प्रथमच उतरणाऱ्याला कॅमेरा देऊ नये, त्याचे चित्र सोबतच्या दुसऱ्या प्रशिक्षित माणसाने काढावे. ज्या पाणबुड्याने पर्यटकाचा हात धरला आहे, त्याच्याच दुसऱ्या हाती कॅमेरा असू नये. खाणे टाकून मासे जमविण्यास सक्त मनाई असावी. आणि प्रत्येक धक्क्यावर खुणांचा अर्थ, श्वासाचा नियम व घाट चढण्यापूर्वीचा अवधी सांगणारा ठळक फलक मराठीत, कोकणीत आणि कन्नडमध्ये असावा. मालवण महाराष्ट्रात, ग्रँड आयलंड गोव्यात, नेत्राणी कर्नाटकात. प्रवाळाला आणि माणसाच्या फुफ्फुसाला सीमाप्रश्न ठाऊक नाही. गावच्या वेशीवरील एका फलकापायी २०१४ साली ज्या येळ्ळूरने लाठ्या झेलल्या, त्या गावाला आपल्या भाषेतील फलकाची किंमत कोणी समजावून सांगावयास नको. निदान जीव वाचविणाऱ्या फलकावर तरी तिन्ही सरकारांचे एकमत व्हावे.

सिंधुदुर्ग किल्ल्यात शिवछत्रपतींच्या हाताचा आणि पायाचा ठसा आहे, आणि सीमाभागातून येणारा प्रत्येक मराठी माणूस तेथे माथा टेकवितो. ते ठसे जपण्याच्या योग्यतेचे, कारण त्या हातांनी राज्य घडविले. त्याच किल्ल्याच्या तटाखाली, पाण्यात, आपल्या हातापायांचे ठसे प्रवाळावर उमटविण्याचा अधिकार आपणांपैकी कोणालाही नाही. चित्र घेऊन या, जरूर या. पण ठसा तेथे ठेवू नका, आणि श्वास तेथे विसरू नका.